कात्री उडीची सम्राज्ञी
रुमानियाच्या योलांडा बालाशचा जन्म १९३६ चा, तिमिश्वारा शहरातला. १९५६ मध्ये उंच उडीत १.७५ मीटरचा विश्वविक्रम करून ती मेलबर्न ऑलिंपिकला गेली, पण तिथे पाचवी आली. पुढची जवळपास दहा वर्षं मात्र तिला कुणी हरवू शकलं नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने १.८५ मीटर उडी मारली, तर रौप्यपदकाची उंची होती १.७१. तब्बल १४ सेंटिमीटरचं अंतर! उंच उडीत एकेका सेंटिमीटरसाठी झुंज होते, म्हणून हा आकडा मला तिच्या सुवर्णपदकाहूनही मोठा वाटतो. १९६४ मध्ये टोकियोतही सुवर्ण तिचंच.

आणि हे सगळं जुन्या कात्री पद्धतीने, म्हणजे एकामागून एक पाय दांडीवरून नेत. या पद्धतीत शरीर दांडीच्या बरंच वर न्यावं लागतं. १.८५ मीटर उंचीच्या, लांब पायांच्या बालाशने ती सोडली नाही. तिने एकूण १४ विश्वविक्रम केले. १९६१ मधला शेवटचा, १.९१ मीटरचा, १९७१ पर्यंत टिकला.

प्रशिक्षक इयोन सोटर पुढे तिचे पती झाले. निवृत्तीनंतर तिने रुमानियाच्या ॲथलेटिक्स महासंघाचं अध्यक्षपद सांभाळलं. २०१६ मध्ये तिचं निधन झालं.