फायटरचं घर आणि बदामाचं पान

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, माशांच्या दुकानात गेलं की काउंटरवर प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांची रांग दिसते. एकेका डब्यात एकेक फायटर. ‘ह्याला जागा लागत नाही, पंप लागत नाही,’ असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. माझं ठाम मत आहे की, डब्यात हा मासा जगत नाही, नुसता तग धरून असतो.

इतिहास थोडक्यात उरकतो. हा मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला, संथ पाण्यातला मासा. झुंजीसाठी पाळला गेला म्हणून ‘फायटर’. १९१० साली रेगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ हे नाव दिलं आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

कल्ल्यांच्या वर असलेल्या खास अवयवामुळे बेट्टा पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. आपल्या कृष्णेतली मरळही हवा घेते. पाण्याबाहेर काढल्यावरही ती बराच वेळ तडफडत जिवंत राहते, ती त्यामुळेच. दोघं एकाच गणातले, दूरचे भाऊबंदच म्हणा ना! म्हणून वीज जाऊन पंप बंद पडला, तरी फायटर लगेच गुदमरत नाही. पण हवा घेता येते म्हणून घाण पाणी चालतं, असं मात्र नाही.

दीड फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकी घ्या. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ४२ लिटर पाणी मावतं. वर दोन इंच मोकळे ठेवा. झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो. स्पंज फिल्टर मंद चालवा. जोराच्या प्रवाहात लांब पंखांचा नर दमून जातो. पाणी २५ ते २८ अंशांवर राहावं. साताऱ्यात हिवाळ्याच्या रात्री ५० वॉटचा हीटर लागतोच. सांगलीत मे महिन्यात टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा.

आता माझ्या आवडीची गोष्ट, देशी बदामाचं पान! शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला हे झाड आपल्याकडे जागोजाग दिसतं. थायलंडमधले मत्स्यपालक पूर्वापार हीच पानं वापरत आले आहेत आणि आपण ती झाडून जाळतो! आपोआप गळलेलं, तपकिरी, कोरडं पान घ्या. फवारणी झालेल्या जागेचं नको. धुऊन टाकीत सोडा. दोन-तीन दिवसांत ते तळाला बसतं आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. हा रंग टॅनिनचा. त्याने उजेड सौम्य होतो, मासा निवांत राहतो आणि पानाखाली त्याला आडोसा मिळतो.

पान तरंगत असतानाच नर कधीकधी त्याच्याखाली तोंडातल्या लाळेने एकेक बुडबुडा चिकटवत फेसाचं घरटं बांधतो. मादीने घातलेली अंडी तोंडात धरून घरट्यात ठेवतो; एखादं अंडं खाली पडलं तर बुडी मारून पुन्हा वर नेतो. दीड-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. तोवर पहारा बापाचाच. विणीनंतर मादीला लगेच वेगळं करावं लागतं, नाहीतर नर तिला फाडतो. दोन नर तर एका टाकीत कधीच नकोत.

टाकी भरली की लगेच मासा आणू नका. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहा. पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धरला की जिवाणू मरतात.

आणि कंटाळा आला म्हणून मासा कृष्णेत किंवा वेण्णेत सोडू नका. परका मासा नदीत सोडणं नदीच्या हिताचं नाही आणि त्या माशाच्याही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला टाकी भरलीत, तर मासा डिसेंबरमध्ये आणा. हीटर त्याआधी बसवा. थंडी सरता सरता बदामाची पानं लाल होऊन गळू लागतील, तेव्हा वर्षभराची बेगमी करून ठेवा. या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू फुकट मिळते.