हलगी, बौरान आणि शनिवारचा बाजार

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे परगण्यात, बॅलिनास्लो नावाचं गाव आहे. ऑक्टोबर उजाडला की तिथं घोड्यांचा बाजार भरतो. युरोपातल्या जुन्या घोडेबाजारांत त्याचं नाव घेतात. सौदा ठरला की विकणारा आणि घेणारा तळहातावर थुंकी लावून एकमेकांच्या हातावर हात मारतात आणि विकणारा मिळालेल्या पैशांतली थोडी रक्कम शकुन म्हणून परत करतो. संध्याकाळी गावातल्या गुत्त्यांमध्ये फिडल, बासरी आणि एका बाजूनं कातडं ताणलेलं गोल वाद्य घेऊन माणसं टेबलाभोवती कोंडाळं करून बसतात. व्यासपीठ नसतं, माइक नसतो. बटाटा आणि कोबी घोटून केलेलं कोलकॅनन ताटात असतं. महिनाअखेरीला साउइनचा सण येतो, त्याला मनुका घातलेला गोड पाव भाजतात. पावात अंगठी दडवलेली असते आणि जिच्या वाट्याला ती येईल तिचं लग्न ठरणार म्हणतात. शरदात आयर्लंडची सहल आखणारे नेमकं हेच बघायला जातात: बाजार, जेवण आणि वाद्यं.

हे सगळं काष्टीच्या माणसाला ऐकवलंत, तर तो विचारेल की मग आमच्याकडं शनिवारी दुसरं काय असतं?

काष्टी श्रीगोंदा तालुक्यात, दौंडहून नगरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. 1878 साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर गावाचं स्टेशनही आहे. पण पंचक्रोशीत आणि पंचक्रोशीबाहेर गाव ओळखलं जातं ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळं. या बाजारापासून सुरुवात करून, भीमेच्या काठानं फिरत, दोन दिवसांची सहल आखायची असेल तर ती आश्विनात आखावी. त्याचं कारण आकाशात आहे, तसंच जमिनीतही.

पावसाळी वारे सह्याद्रीवर आपटतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. श्रीगोंद्यापर्यंत येताना त्यांच्यात फारसं काही उरत नाही. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इकडं सुमारे 500. त्यातला मोठा वाटा जून-जुलैत पडतच नाही. तो येतो सप्टेंबरात, मोसमी वारे परतीला लागताना, दुपारी तापून संध्याकाळी कोसळणाऱ्या गडगडाटी ढगांतून. हस्त नक्षत्रातला हा हत्तीचा पाऊस. मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात, हादग्याची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. ते या पावसाचंच गाणं आहे.

आणि खरी नवलाई या पावसानंतर सुरू होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ते आत धरून ठेवते. मग पेरायची ज्वारी, मालदांडी. पुढं पाऊस नसला तरी ती उगवते, माणसाएवढी होते, कणीस धरते. म्हणजे हे पीक पेरणीच्या आधी पडून गेलेल्या पावसावर आपला बहुतेक जन्म काढतं. नवरात्रात घटाभोवती शेतातली माती पसरून धान्य पेरतात, तेही पेरणीच्या तोंडावर. नऊ दिवसांत कोणतं बी किती तरारलं हे देवघरात बसून कळतं. बियाण्याची उगवण तपासायची याहून स्वस्त प्रयोगशाळा मला ठाऊक नाही. बाकी देशाला पावसाळा संपला की शरद लागतो. या पट्ट्यात शरद लागला की वर्ष सुरू होतं, आणि म्हणून बैल लागतात, म्हणून बाजार भरतो.

बाजारात गेलात तर किंमत ऐकायची घाई करू नका, आधी दात बघायला शिका. बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. दुधाचे दात पडून कायमचे येतात ते जोडीजोडीनं, साधारण दोन वर्षांनंतर. एकही जोडी आली नसेल तर तो आदत. मग दुसा, चौसा, सहादाती आणि आठही आले की जुळला. तोंड उघडून जीभ बाजूला सारायची आणि वय वाचायचं. शिंगं रंगवता येतात, कातडी तेलानं चमकवता येते, दाताला मात्र खोटं बोलता येत नाही. मग बघायचे खूर, खांदा आणि चाल. कासरा सैल सोडून चार पावलं चालवल्याशिवाय जाणता माणूस पुढं बोलत नाही.

भावाची बोलणी पूर्वापार टॉवेलाखाली होत आली आहेत. दोघं हातात हात घालतात, वर उपरणं किंवा टॉवेल टाकतात आणि बोटं बोलू लागतात. किती बोटं धरली आणि कशी दाबली त्यावरून आकडा कळतो. तो शेकड्यांतला की हजारांतला हे जनावराकडं बघून दोघांनाही ठाऊक असतं. तोंडानं मात्र पावसाच्या गप्पा चालतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव दोघांपुरता राहतो. पटलं नाही तर हात सुटतो आणि कुणाचाही पाणउतारा होत नाही. पटलं की विसार द्यायचा. बॅलिनास्लोचा टाळीचा हात आणि काष्टीचा झाकलेला हात एकाच कामाचे: शब्द दिला हे अंगानं सांगायचं. आता मोबाइलवरून पैसे जातात आणि बरेचसे सौदे उघड बोलून होतात, पण टॉवेल खांद्यावरून उतरलेला नाही. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये मान्यता दिल्यापासून चपळ खिल्लार खोंडाभोवतीची गर्दी तर वेगळीच असते.

आता वाद्याकडं वळू. माझ्या मते या सहलीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य तिथंच आहे.

हलगी म्हणजे एक कडं आणि त्यावर ताणलेलं बोकडाचं कातडं. एका हातात लांब पातळ काडी, दुसऱ्यात आखूड टिपरू. वाजवण्याआधी वादक कागद किंवा पाचट पेटवतो आणि हलगी त्यावर धरतो. मधूनच टिपरू मारून कानानं अंदाज घेतो, पुन्हा शेकतो. पाहणाऱ्याला वाटतं हा काही विधी असावा. विधी नाही, शास्त्र आहे. कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं, आवाज बसतो. शेकलं की ओल उडते, कातडं आकसतं, ताण वाढतो आणि आवाज चढत चढत त्या कडकडाटापर्यंत जातो, जो ऐकला की पायांना गप्प राहवत नाही. आश्विनातल्या संध्याकाळी दव पडायला लागलं की दर थोड्या वेळानं जाळ करावा लागतो. फायबरच्या हलगीला ही कटकट नाही, आणि तिला तो आवाजही नाही.

आयरिश गुत्त्यातलं ते गोल वाद्य म्हणजे बौरान. तेही एक कडं आणि त्यावर बोकडाचं कातडं. त्यांची अडचण नेमकी उलटी. बंद, उबदार खोलीत कातडं सुकून कर्कश होतं, म्हणून वादक आतून पाण्याचा हात फिरवतो. आपण शेकतो, ते भिजवतात, आणि ज्या काडीनं ते वाजवतात तिला म्हणतात टिपर! टिपरू आणि टिपर. हे साम्य योगायोगाचं आहे, टिपर हा इंग्रजी शब्द आहे. यावर कुणी इतिहास रचू लागला तर त्याला थांबवावं.

पण दुसरं साम्य फसवं नाही. बौरान हे नाव आयरिश भाषेतल्या ज्या शब्दावरून आलं असं मानतात, त्याचा अर्थ बहिरा, बद्द आवाजाचा. तो लिहितात ‘बोधर’ असा आणि उच्चारतात ‘बौर’ असा काहीसा. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या ‘बधिर’शी जोडतात. हजारो वर्षांपूर्वी एकाच बोलीतून दोन वाटांनी निघालेला हा शब्द. तिकडं त्यातला ‘ध’ झिजून नाहीसा झाला, आणि आपल्याकडं प्राकृतातून येताना त्याच ‘ध’चा ‘ह’ झाला आणि आपण म्हणू लागलो बहिरा. गॉलवेच्या गुत्त्यात जे वाजतं, त्याचं नाव काष्टीतली आजी नातवावर ओरडताना रोज घेते.

बौरान फार काळ गावंढळ मानलं जायचं. धान्य पाखडायच्या, कातड्याच्या सुपासारख्या परड्यापासून ते झालं असंही सांगतात. 1960च्या दशकात शॉन ओ रिअडा या संगीतकारानं ते आपल्या वाद्यवृंदात घेतलं आणि त्याला खुर्ची मिळाली. हलगी मुख्यतः मातंग समाजातल्या वादकांनी पिढ्यानपिढ्या जपली. गावानं तिला मिरवणुकीत पुढं ठेवलं आणि पंगतीत मागं. नवरात्रात गोंधळ्यांचं संबळ ऐकाल, धनगरांचा ढोल ऐकाल. त्या वेळी हेही ध्यानात असू द्या की दाद देताना वादकाचं नाव विचारायला फार खर्च येत नाही.

शनिवारी दुपारी बाजार ओसरला की पेडगाव गाठावं. वेड घेऊन पेडगावला जाणं हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो आणि खऱ्या पेडगावला मात्र कुणी जात नाही. भीमेच्या काठावर इथं बहादूरगड आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश यानं आपल्या छावणीच्या या किल्ल्याला स्वतःचं नाव दिलं. मराठ्यांच्या एका लहान तुकडीनं हूल दिली, खान फौज घेऊन तिच्या मागं धावला आणि मोठ्या तुकडीनं मोकळी छावणी लुटली, ही गोष्ट इथं हमखास ऐकायला मिळते. वाक्प्रचारही तिच्याशी जोडतात, तो यमकामुळंही रूढ झाला असेल. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना कैद करून औरंगजेबापुढं आणलं ते इथंच. आता गडाला धर्मवीरगड म्हणतात. तटाच्या आत यादवकाळातली देवळं आहेत. त्यांतलं लक्ष्मीनारायणाचं बघताना घाई करू नका, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं उतरत्या उन्हात जिवंत होतात. नदीच्या अंगाला हत्ती मोटेचे अवशेष आहेत. बैलांनी ओढायच्या ऐवजी हत्तीनं ओढायची मोट, एवढी पाण्याची तहान त्या छावणीला होती.

रविवारी सकाळी श्रीगोंदा. इथं शेख महंमदांची समाधी आहे. जन्मानं मुसलमान, वाणीनं वारकरी, ‘योगसंग्राम’ या मराठी ग्रंथाचे कर्ते. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथं माथा टेकतात.

श्रीगोंद्यातच शिंद्यांचा वाडा आहे, महादजींच्या घराण्याचा, आणि तिथून आयर्लंड पुन्हा डोकावतं. 12 ऑगस्ट 1803 रोजी नगरचा किल्ला दौलतराव शिंद्यांच्या हातून गेला. तो घेणारा इंग्रजी सेनापती आर्थर वेलस्ली 1769 साली डब्लिनमध्ये जन्मला होता. सहा आठवड्यांनी, 23 सप्टेंबरला, त्यानं असईची लढाई जिंकली. मैसूरकडच्या अमृतमहाल बैलांवर त्याच्या रसदीची मदार होती आणि बैलांची काळजी तो तोफांइतकीच करायचा. पुढं हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. डब्लिनच्या फीनिक्स पार्कात त्याचा 62 मीटर उंच स्तंभ आहे. त्याच्या पायथ्याला वॉटर्लूत जिंकलेल्या तोफा वितळवून घडवलेली शिल्पफलकं आहेत आणि त्यांतला एक हिंदुस्थानातल्या लढायांचा आहे. डब्लिनला जाणाऱ्या श्रीगोंदेकरानं तो मुद्दाम बघावा, आपल्या घरची गोष्ट दुसऱ्याच्या भिंतीवर आहे.

दुपारी सिद्धटेक. अष्टविनायकातलं हे देऊळ टेकडीवर आहे, त्यामुळं प्रदक्षिणा घालायची तर पुऱ्या टेकडीला वळसा घालावा लागतो. वाटेत वेळ असेल तर कर्जतजवळचं रेहेकुरी. 1980 सालचं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण आश्विनातल्या गवतात काळवीट उड्या घेताना दिसला की आकडा विसरायला होतं.

रात्र राशीनची. यमाईच्या देवळापुढं उंच दीपमाळा आहेत. माथ्यावरून जोर लावून हलवलं की त्या खरोखर डोलतात. दगडविटांचा मनोरा डोलतो कसा? झोपाळ्यावरच्या मुलाला आपण ढकलतो तसा. धक्का लहान असतो, पण झोक्याच्या तालात पडला की झोका वाढत जातो. उंच, सडपातळ बांधकामालाही असा स्वतःचा झोका असतो, तो सापडला की एका माणसाचं बळ पुरतं. अहमदाबादचे झुलते मिनार प्रसिद्ध आहेत, राशीनच्या दीपमाळा आपल्याच जिल्ह्यात असून कितीजणांनी पाहिल्या?

जेवणाचं वेगळं सांगत नाही, ते वाटेवर आहे. नव्या बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, हुलग्याच्या पिठाचे लसणानं झणझणीत केलेले शेंगोळे, कर्जतकडं शिपी आमटी, आणि पानात श्रीगोंद्याचं कागदी लिंबू. नवरात्रात कुणाच्या घरी गेलात तर कडाकण्या मिळतील. हॉटेलात शेंगोळे मागू नका, ओळख काढा.

निघण्यापूर्वी एक फोन मात्र करा. 2022 साली लंपीच्या साथीत राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, आजही साथ आली की तसं होतं. बाजार भरणार असेल तर शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला या. उन्हं चढल्यावर पोचलात तर चांगली खोंडं टेम्पोत चढलेली असतात.