विहिरीवरील हवेच्या छिद्रयंत्राची निगा व दुरुस्ती

होळी उलटली की काळ्या पाषाणाच्या मुलखात विहिरी खोल करण्याची घाई सुरू होते. ट्रॅक्टरवर बसविलेला कॉम्प्रेसर विहिरीच्या काठावर उभा राहतो, रबरी नळी तळाशी सोडली जाते, आणि हवेवर चालणारे छिद्रयंत्र, म्हणजेच जॅकहॅमर, सुरुंगाची छिद्रे पाडू लागते. हे काम मृगापूर्वी उरकावयाचे असते. यंत्र चार दिवस बंद पडले तर यंत्रमालकाचे भाडे बुडते. शेतकऱ्याचे मात्र वर्ष हुकते, कारण पाऊस लागल्यावर तळाशी उतरता येत नाही. म्हणून यंत्राची निगा ही केवळ चालकाची बाब आहे असे समजून शेतकरी बंधूंनी काठावर स्वस्थ बसू नये.

या यंत्रातील दट्ट्या दाबाखालील हवेने सिलिंडरमध्ये मागेपुढे धावतो व मिनिटाला सुमारे २,००० ठोके रॉडच्या डोक्यावर देतो. प्रत्येक ठोक्यानंतर पिळाचा दांडा व खिट्ट्या यांच्या योगाने रॉड थोडा फिरतो. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ५ ते ६ किलो लागतो. दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट अत्यंत बारीक असून तीत तेलाच्या पातळ थराखेरीज दुसरे काहीही जाता कामा नये.

हे तेल हवेबरोबरच यंत्रात जाते. त्याकरिता यंत्रापासून सुमारे १० फुटांवर नळीत तेलपात्र जोडलेले असते. ते भरलेले आहे काय, हे पाहण्याचा सोपा उपाय असा : काम चालू असता रॉड काढून त्याच्या डोक्याकडील भागावर बोट फिरवावे. बोटास तेल लागले तर ठीक. भाग कोरडा व तापलेला आढळल्यास काम तेथेच थांबवावे. तेलपात्रात छिद्रयंत्राकरिता मिळणारे तेलच घालावे. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेले जळके तेल ओतण्याची चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यात काजळी व धातूचा चुरा असतो. ते घालणे म्हणजे सिलिंडरवर कानस चालविणे होय.

तेलाचा दुसरा शत्रू पाणी. हवा दाबली की तीतील बाष्प हवेत मावत नाही व थंड होताच त्याचे पाणी होते. जूनच्या आरंभी ३० अंश सेल्सिअस तपमानाच्या व ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ती ६ किलोपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली असता त्यापैकी सुमारे २० ग्रॅम पाणी होऊन टाकीत व नळीत उतरते. ते तेल धुऊन काढते व गंज चढविते. टाकीच्या तळची तोटी रोज उघडावी. चैत्र-वैशाखात पाणी कमी, परंतु धूळ फार. तेव्हा कॉम्प्रेसरची हवेची गाळणी रोज साफ करावी.

आता दुरुस्तीविषयी. रॉड ठोके घेतो पण फिरत नाही, अशी तक्रार आल्यास बहुधा खिट्ट्या झिजलेल्या किंवा त्यांच्या स्प्रिंगा तुटलेल्या असतात. याहून घातक दोष सहसा कोणी पाहत नाही. यंत्राच्या तोंडाशी रॉड धरणारे षट्कोनी बुश असते. ते झिजले की रॉड तिरपा बसतो, दट्ट्याचा ठोका त्याच्या एका कडेवर पडतो, आणि दट्ट्याचे टोक उडते. बुश स्वस्त, दट्ट्या महाग! नवा रॉड बसवून हलवून पाहावा. तो फार डुलत असेल तर बुश बदलावे. डोके चेपलेला रॉडही वापरू नये. टोकावरील कठीण धातूच्या पात्याची धार २ ते ३ मिलिमीटर सपाट झाली की ती पुन्हा लावावी. धार लावताना पाते तापले तर पाण्यात बुडवू नये. त्यास तडे जातात.

यंत्र खोलण्यापूर्वी काठावरील तोटी बंद करून नळीतील हवा सोडून द्यावी. दाबाखालील नळी सुटल्यास ती चाबकासारखी फिरते, म्हणून जोड साखळीने बांधलेला असावा. भाग रॉकेलने धुऊन, पुसून, तेल लावून बसवावेत व बाजूचे दोन्ही लांब बोल्ट सारखे आवळावेत. अडकलेला भाग घणाने ठोकू नये. टाकीस गळती लागली तर तिच्यावर वेल्डिंगचे ठिगळ मुळीच लावू नये.

चालकाच्या जिवासंबंधी दोन गोष्टी ग्रामसेवकांनी आवर्जून सांगाव्यात. जुन्या सुरुंगाच्या उरलेल्या छिद्रात पुन्हा रॉड कधीही घालू नये. तळाशी न उडालेली दारू असू शकते. तसेच पाषाणाची धूळ फुप्फुसात साठते. तोंडास उपरणे गुंडाळल्याने ती अडत नाही, तिच्याकरिता बनविलेला मुखवटाच हवा.

पाऊस लागून काम थांबले म्हणजे यंत्र शेतातील खोपीत टाकून देऊ नये. ते पूर्ण खोलून धुवावे, आत सढळ हाताने तेल सोडावे, हवेच्या तोंडात लाकडी बूच ठोकावे व कोरड्या जागी फळीवर ठेवावे.