शिवलेली होडी

कापड शिवतात, गोधडी शिवतात. होडीही शिवता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही विद्या फार जुनी आहे. फळ्यांना भोके पाडायची आणि काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवायच्या. अजिंठ्याच्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात असेच शिवलेले जहाज बांधले. त्याचे नाव 'कौंडिण्य'. २०२५ साली ते आपल्या नौदलात दाखल झाले.

हीच युक्ती नवशिक्याच्याही कामी आली. १९६३ साली इंग्लंडात 'मिरर' नावाची छोटी होडी निघाली. लांबी सुमारे ३.३ मीटर. तिचे प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने जोडायचे. सुतारकाम न शिकलेल्या हजारो लोकांनी ती घरच्या घरी बांधली.

हे काम कसे करतात, ते आम्ही सांगतो.

करवत, गिरमिट, रंधा, पक्कड आणि मोजपट्टी एवढ्यावर भागते. जागा पडवीएवढी पुरते. पण आधी दरवाजा मोजा! तयार होडी बाहेर निघाली पाहिजे ना?

प्लायवूड पाण्यात टिकणारेच घ्या. त्याला मरीन प्लायवूड म्हणतात. साध्याचे पापुद्रे सुटतात. तयार नकाशावरून मापे आखा. दोन्ही बाजूंचे तुकडे एकावर एक ठेवून कापा, म्हणजे ते सारखे होतात. कडेला भोके पाडा, तार ओवा आणि पकडीने पीळ द्या. चपटे तुकडे वाकतात आणि होडीचा आकार उभा राहतो.

आता घाई नको. पुढच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांचे अंतर मोजा. ते सारखे भरले पाहिजे. नाहीतर होडी वाकडी होते आणि एका अंगाला ओढते.

मग आतून सांध्यात इपॉक्सी राळ आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा. वर काचतंतूंच्या कापडाची पट्टी चिकटवा. राळ घट्ट झाली की तारा कापा आणि बाहेरूनही पट्टी लावा. हातमोजे घाला, काम मोकळ्या हवेत करा.

होडी किती वजन पेलते? १ लिटर पाणी बाजूला सारले की १ किलो वजन तरते. तळ २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असला आणि होडी १० सेंटिमीटर बुडाली, तर २०० किलो झाले. त्यात होडीचे वजनही आलेच.

पुढे-मागे हवाबंद पेट्या ठेवा. पाणी भरले तरी होडी तळाला जाणार नाही. पहिली चाचणी कमरेइतक्या पाण्यात घ्या. अंगात तरंगजाकीट असू द्या. भाड्याने माणसे न्यायची तर आधी सरकारी नोंदणी आणि परवाना हवा.

नवी होडी आणि नवा नावाडी असताना लेकरांना आत बसवू नका. लाकूड पुन्हा आणता येते. गेलेला जीव आणता येत नाही.