चित्रफीत पाहिली, पण कळली का?

फळ्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकाला एक सोय असते, तिची किंमत बहुधा कळत नाही. त्याला वर्ग दिसतो. तिसऱ्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला, पहिल्या बाकावरच्या मुलीने कपाळाला आठ्या घातल्या, की शिक्षक नकळत थांबतो, वाक्य पुन्हा म्हणतो, खडूने आणखी एक रेघ ओढतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि राज्यातील असंख्य शिक्षकांनी मोबाईल उभा करून त्याच्यासमोर शिकवायला सुरुवात केली, तेव्हा ही सोय एकदम गेली. शाळा उघडल्या, तरी चित्रफिती करण्याची सवय राहिली, आणि ती चांगलीच आहे. पण मोबाईलच्या भिंगाला आठ्या पडत नाहीत. मग आपले शिकवणे पोचले की नाही, हे ओळखायचे कशावरून?

एक उदाहरण घेऊन विचार करू. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी ‘आपल्या विहिरीत पाणी येते कोठून?’ या विषयावर दहा मिनिटांची चित्रफीत करून यूट्यूबवर ठेवली, असे समजा. विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. अशा वेळी बाग वाचवण्यासाठी शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही, तर तीनशे, मग चारशे. जमिनीखाली कोठेतरी नदी वाहते आहे, पाणाड्याने दाखवलेल्या जागी पुरेसे खोल गेले की ती सापडणारच, ही समजूत त्यामागे असते. ती विद्यार्थ्यांच्याही मनात असते, कारण ते घरातच ही चर्चा ऐकत वाढतात. प्रत्यक्षात जालन्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. खाली कठीण पाषाण लागला आणि त्यात भेग नसली, तर कितीही खोल गेले तरी बोअर कोरडीच. ही गोष्ट दहावीच्या मुलाला खरोखर कळली, तर ती त्याच्या घरच्या निर्णयापर्यंत जाऊ शकते. म्हणून या चित्रफितीच्या बाबतीत ‘छान झाली’ एवढ्यावर भागणार नाही.

यूट्यूब प्रथम सांगते तो आकडा म्हणजे चित्रफीत किती वेळा पाहिली गेली. समजा, २०० वेळा. हा आकडा दिसतो तितका सरळ नाही. घरात एकच मोबाईल असेल, तर चार भावंडे एकत्र पाहतात आणि नोंद एकाचीच होते. वर्गातील मोठ्या पडद्यावर चाळीस मुलांना दाखवली, तरी नोंद एकच. व्हॉट्सॲपवरून चित्रफीतच पुढे पाठवली गेली, तर नोंद मुळीच होत नाही. उलट, एखाद्याने ती चुकून उघडून लगेच बंद केली, तरी त्याची गणना होऊ शकते. तेव्हा या आकड्याने फार हुरळून जाऊ नये आणि खट्टूही होऊ नये.

त्याहून उपयोगी आहे तो प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख. यात आडव्या अक्षावर चित्रफितीतील वेळ आणि उभ्या अक्षावर त्या क्षणी शेकडा किती प्रेक्षक पाहत होते, ते दाखवलेले असते. आलेख सुरुवातीला १०० जवळ असतो आणि उतरत जातो. एखादा भाग लोकांनी मागे जाऊन पुन्हा पाहिला, तर तेथे आलेख वर चढतो. फारच जणांनी पुन्हा पाहिला, तर तो शंभराच्याही वर जाऊ शकतो. आपल्या शिक्षकांच्या आलेखात तीन जागा नजरेत भरतात, असे मानू. पहिल्याच मिनिटात रेघ १०० वरून ६० वर आली आहे. चौथ्या मिनिटाला एक छोटी टेकडी आहे. आणि सातव्या मिनिटाला पुन्हा मोठी उतरण आहे.

पहिली उतरण समजायला सोपी आहे. सुरुवातीचे मिनिट शाळेचे बोधचिन्ह, संगीत, मान्यवरांचे आभार आणि ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आजच्या या भागात’ यांत गेलेले असते. आम्हीही या चुकीतून सुटलेलो नाही. एका कार्यशाळेसाठी केलेल्या चित्रफितीत आम्ही आभाराची यादी प्रारंभीच घातली होती, आणि आलेख पाहिल्यावर ती शेवटी नेली. यादीतील कोणी तक्रार केली नाही; बहुधा त्यांनीही तोपर्यंत चित्रफीत बंद केली असावी. आरंभीच कोरड्या पडलेल्या बोअरचे दृश्य आणि एक प्रश्न ठेवला, तर ही उतरण बरीच सौम्य होते.

टेकडी अधिक विचार करायला लावते. मुले मागे जाऊन पुन्हा पाहतात, ते आवडले म्हणून की कळले नाही म्हणून? आलेख ते सांगत नाही. अमेरिकेतील ‘एडएक्स’ या अभ्यासक्रम-संस्थेच्या ८६२ चित्रफितींच्या नोंदींवर जुहो किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वर्गवारी केलेल्या टेकड्यांपैकी शेकडा ६१ टेकड्यांच्या आगेमागे पडद्यावरचे दृश्य बदललेले होते. म्हणजे आकृती आली, ती वाचून होण्याआधी गेली आणि पाहणारा तिच्यासाठी मागे आला, असे पुष्कळदा घडते. आपल्या चित्रफितीत चौथ्या मिनिटाला विहिरीचा उभा छेद दाखवला असेल आणि तो दहा सेकंदांत पुसला असेल, तर इलाज साधा आहे: आकृती जास्त वेळ ठेवावी आणि बोलताना बोटाने एकेक थर दाखवावा. फळ्यावर आपण हेच करतो.

चित्रफीत किती लांब असावी, हा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. एडएक्सच्याच चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासून फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये दाखवले की चित्रफीत कितीही लांब असली, तरी पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही. तेव्हापासून ‘सहा मिनिटे’ हा जणू नियमच होऊन बसला आहे. आम्हांला तो नियम वाटत नाही. ते प्रेक्षक घरी एकट्याने आणि स्वेच्छेने शिकणारे होते. वर्गात शिक्षकाच्या सोबतीने, मध्ये थांबवत पाहणाऱ्या नववीच्या मुलांना तो आकडा जसाच्या तसा लागू करणे बरोबर नाही.

आता शिक्षकांनी सुरुवात बदलून नवी चित्रफीत ठेवली. ती आतापर्यंत ४० वेळा पाहिली गेली आणि पहिल्या मिनिटाअखेर ६० ऐवजी ७० टक्के प्रेक्षक टिकले. सुधारणा झाली ना? एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. गणित असे: टिकण्याचे प्रमाण ०.७, न टिकण्याचे ०.३, त्यांचा गुणाकार ०.२१, त्याला प्रेक्षकसंख्या ४० ने भागून वर्गमूळ काढले की सुमारे ०.०७ येते. याच्या दुप्पट, म्हणजे साधारण १४ टक्के इकडे किंवा तिकडे, एवढी चूक नुसत्या योगायोगाने होऊ शकते. खरे प्रमाण ५६ ते ८४ यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल, आणि जुने ६० त्यात सहज बसते. प्रेक्षक ४०० झाले, तर हीच चूक सुमारे ५ टक्क्यांवर येते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. आकडे त्यांच्याच शाळेचे असतील.

सातव्या मिनिटाची उतरण आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. तेथे दोन विद्यार्थ्यांचा संवाद आहे असे समजा. एक म्हणतो, ‘आमच्या पाणाड्याने नारळ उभा राहिला तेथे नदी सांगितली, फक्त अजून खोल जायला हवे.’ दुसरा त्याला विचारतो, ‘नदी असेल तर शेजारची बोअर कोरडी कशी?’ मग खडी भरलेल्या बादलीत आणि अखंड दगडावर पाणी ओतून दोघे पाहतात. हा भाग संथ आहे, डोके चालवायला लावणारा आहे, आणि येथेच प्रेक्षक गळतात. आलेख पाहून कोणीही म्हणेल, हा भाग काढा. त्याऐवजी सुबक चित्रांसह दोन वाक्यांत बरोबर उत्तर सांगा.

येथे डेरेक म्युलर यांचे काम आठवते. ‘व्हेरिटासियम’ ही त्यांची विज्ञान वाहिनी आज अनेकांना ठाऊक आहे, पण त्याआधी २००८ मध्ये त्यांनी सिडनी विद्यापीठात याच प्रश्नावर पीएच.डी. केली. वर फेकलेल्या चेंडूवर कोणते बल असते, हे समजावणारी एक नीटनेटकी चित्रफीत त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवली. ती स्पष्ट आहे, सोपी आहे, असे विद्यार्थी म्हणाले. चाचणीत मात्र २६ पैकी सरासरी ६ गुण होते, ते चित्रफितीनंतर ६.३ झाले. एवढेच नव्हे, आपल्या चुकीच्या उत्तराबद्दल त्यांची खात्री वाढली होती. बरोबर उत्तर कानावर पडले, पण ते आपल्या समजुतीहून वेगळे आहे, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. दुसऱ्या चित्रफितीत दोघांचा संवाद होता. त्यात सर्वांच्या मनात असलेली चुकीची कल्पना आधी उघडपणे बोलून दाखवली आणि मग ती तपासली. ही चित्रफीत गोंधळात टाकते, असे विद्यार्थी म्हणाले. तिच्यानंतर मात्र सरासरी गुण ६ वरून ११ झाले.

म्हणजे जी आवडली ती शिकवत नव्हती आणि जी शिकवत होती ती आवडत नव्हती. आलेखाने दिलेला सल्ला ऐकून आपण सातवे मिनिट काढून टाकले असते, तर पाणाड्याच्या नदीला धक्का देणारा एकमेव भागच गेला असता, आणि उरलेल्या चित्रफितीचा आलेख मात्र सुरेख दिसला असता.

यूट्यूबचाही यात दोष नाही. त्याचे मोजमाप त्याच्या कामासाठी आहे. पूर्वी तेथे किती वेळा पाहिले यावर चित्रफिती पुढे केल्या जात. भडक चित्र लावून लोकांना फसवणे त्यामुळे फायद्याचे झाले, म्हणून २०१२ पासून किती वेळ पाहिले याला अधिक वजन मिळाले. दोन्ही मोजमापे लक्ष कोठे होते ते सांगतात. समज किती वाढली, हे मोजण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते.

ते कसे करावे, याचा एक फार चांगला नमुना महाराष्ट्रातच आहे, आणि तो चित्रफितींच्या कितीतरी आधीचा आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे चालवली. (जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे या प्रयोगाबाहेर राहिले.) आठवड्यातून दोनदा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आपले प्रश्न पुण्याला कळवत, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत येत. परीक्षणाचे काम समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने केले. त्यांनी गावकऱ्यांना ‘कार्यक्रम आवडला का?’ एवढेच विचारले नाही. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर माहितीचे प्रश्न विचारले, आणि तेच प्रश्न मंडळ नसलेल्या गावांतही विचारले. त्यांपैकी काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळे असलेल्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे त्या मानाने फारच थोडी. ऐकण्याइतकेच ऐकल्यानंतरचे बोलणे महत्त्वाचे ठरले. १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू करण्यात आली.

आपल्या अंबडच्या शिक्षकांना हेच लहान प्रमाणावर करता येईल. चित्रफीत दाखवण्याआधी एक प्रश्न द्यावा: ‘दोनशे फुटांवर पाणी लागले नाही. चारशे फूट गेल्यास नक्की लागेल का? का?’ उत्तर कागदावर घ्यावे. चित्रफितीनंतर शब्द बदलून तोच प्रश्न पुन्हा द्यावा. दोन तुकड्या असतील, तर एकीला संवादासह आणि दुसरीला संवादाविना चित्रफीत दाखवावी आणि मागाहून राहिलेला भागही दाखवावा, म्हणजे कोणाचे नुकसान नाही.

समजा, ४० पैकी १२ जणांचे उत्तर आधी बरोबर होते आणि नंतर १७ जणांचे. यातील फरक ५ असला, तरी नीट पाहिल्यास ८ जण चुकीकडून बरोबरकडे गेले आणि ३ जण बरोबरकडून चुकीकडे. (हे तीन फार मोलाचे; त्यांच्याशी बोलावे.) उत्तर बदलणारे ११. नाणे ११ वेळा उडवले, तर ८ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता शेकडा ११ आहे. तेव्हा इतक्यात पेढे वाटू नयेत. शेजारच्या शाळेतील वर्गालाही सामील करून घ्यावे.

आकड्यांना जे सांगता येत नाही, ते चार मुलांजवळ बसून कळते. मोबाईल त्यांच्या हाती द्यावा, मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ एवढे विचारावे आणि आपण गप्प राहावे. गप्प राहणे शिक्षकाला सर्वांत जड जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. एखादी मुलगी म्हणेल, ‘सर, बादलीतल्या खडीत पाणी दिसतंय, पण आमच्या विहिरीत तर खडी नाही, दगडच आहे.’ कोणत्याही आलेखात हे वाक्य सापडणार नाही. ते ऐकल्यावर पुढच्या आवृत्तीत बादलीनंतर लगेच गावच्याच विहिरीची कड दाखवावी. तिच्यात मुरूम आणि भेगा उघड्या दिसतात.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. शाळेलाही दोरी आणि वजन घेऊन जवळच्या विहिरीवर हे करता येते. चित्रफीत ऑक्टोबरात दाखवली असेल, तर तोच प्रश्न मार्चच्या मोजणीच्या दिवशी, विहिरीच्या काठावर, तिसऱ्यांदा विचारावा. तोपर्यंत पाणी बरेच खाली गेलेले असते, आणि घरी बोअरची बोलणी सुरू झालेली असतात.