गल्लीचा आवाज

(रॅप हा आजच्या तरुणांचा आवडता गानप्रकार आहे. तो कोठे जन्मला, कोणी वाढवला आणि आपल्या महाराष्ट्रातील शाहिरी परंपरेशी त्याचे कोणते साम्य आहे, हे या पाठात सांगितले आहे. खरे बोलणे ही या कलेची ताकद कशी आहे, ते लक्षात घ्या.)

मुलांनो, रॅप तुम्ही ऐकलेच असेल. एका ठेक्यावर गायक भराभर बोलत जातो. ते धड गाणे नसते आणि धड भाषणही नसते. घरातील मोठी माणसे पुष्कळदा नाके मुरडतात आणि म्हणतात, “हा कसला गोंगाट?” पण हा नुसता गोंगाट नाही. ज्यांचे कोणी ऐकत नव्हते, अशा मुलांनी आपले म्हणणे जगाला ऐकवण्यासाठी शोधलेली ती एक युक्ती आहे.

ही गोष्ट अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात सुरू होते. ब्राँक्स हा त्या शहराचा उत्तरेकडील भाग. सन १९४८ नंतर या भागातून एक रुंद महामार्ग काढण्यात आला. त्यासाठी हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. पुढे कारखाने बंद पडले, रोजगार गेला. ज्यांना शक्य होते ते दुसरीकडे राहायला गेले. मागे राहिली ती बहुतेक गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे आणि पोर्तो रिको बेटावरून आलेली कुटुंबे. १९७० नंतरच्या काळात तेथील इमारतींना वारंवार आगी लागत. काही घरमालक तर विम्याच्या पैशासाठी स्वतःच आगी लावीत.

अशा वस्तीत क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा तरुण राहत होता. तो मूळचा जमैका बेटावरचा. लोक त्याला ‘डीजे कूल हर्क’ म्हणत. त्याच्या बहिणीचे नाव सिंडी. सुट्टी संपून शाळा सुरू होणार होती. शाळेत जाण्यासाठी सिंडीला नवे कपडे हवे होते, पण हातात पैसे नव्हते. तिने एक युक्ती काढली. सेजविक रस्त्यावरील १५२० क्रमांकाच्या त्यांच्या इमारतीत एक सामाईक खोली होती. तेथे तिने नाचगाण्याचा कार्यक्रम ठरवला. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे तिकीट ठेवले. तबकड्या वाजवण्याचे काम भावाकडे दिले. तो दिवस होता ११ ऑगस्ट १९७३. हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून आज हाच दिवस मानला जातो.

त्या रात्री हर्कने असे काय केले? त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्याच्या तबकडीत मध्येच काही क्षण गायक थांबतो आणि फक्त ढोल वाजत राहतो. लावणीत मध्येच ढोलकीचा तुकडा येतो ना, तसेच हे. नाचणारे याच क्षणाची वाट पाहत असत. पण तो तुकडा थोड्याच वेळात संपून जाई. हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या आणि त्या दोन यंत्रांवर लावल्या. एका तबकडीवरचा ढोल संपत आला, की तो दुसरीवर तोच ढोल सुरू करी आणि तेवढ्यात पहिली मागे फिरवून ठेवी. असे आलटून पालटून केल्याने काही सेकंदांचा तुकडा कितीतरी मिनिटे चालू राही. नवे वाद्य विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून या मुलांनी जुन्या तबकडीचेच नवे वाद्य केले.

ढोल चालू असताना हर्क आणि त्याचे मित्र ध्वनिक्षेपकावरून लोकांना हाका मारीत, नावे घेत, गमतीदार ओळी म्हणत. हळूहळू या ओळी लांब झाल्या. त्यांत यमके आली. यातूनच रॅप तयार झाले. तबकड्या वाजवणे, ठेक्यावर बोलणे, जमिनीवर गिरक्या घेत नाचणे आणि भिंतींवर रंगीत अक्षरे काढणे ही हिपहॉपची चार अंगे होत. पुढे काही जणांनी त्यांत ‘ज्ञान’ हे पाचवे अंग जोडले. आपण कोण, आपली अशी स्थिती का झाली, हे समजून घेणे म्हणजे ज्ञान.

सुरुवातीची रॅपगाणी मौजमजेची होती. १९८२ साली ‘द मेसेज’ नावाचे गाणे आले. ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह’ या गटाच्या नावाने ते निघाले. या गाण्यात वस्तीतील घाण, बेकारी, कर्ज आणि तरुणांचे वाया जाणारे जीवन यांचे उघडे चित्र होते. असे गाणे कोण ऐकणार, अशी शंका होती. पण लोकांनी ते डोक्यावर घेतले. आपल्या घरची गोष्ट कोणीतरी मोठ्याने बोलले, याचे त्यांना समाधान वाटले. १९८९ मध्ये ‘पब्लिक एनिमी’ या गटाने ‘फाइट द पॉवर’ या गाण्यातून वर्णभेदाला जाब विचारला.

पण जेथे गर्दी जमते, तेथे बाजारही येतो. मोठ्या कंपन्यांना रॅपमध्ये नफा दिसू लागला. महागड्या गाड्या, सोन्याच्या साखळ्या, शिवीगाळ आणि स्त्रियांविषयी हलके बोलणे असलेली गाणी खपू लागली. तेव्हा काही कलावंतांनी वेगळी वाट धरली. ते पदरमोड करून कॅसेट काढीत, स्वतः हातोहात विकीत आणि लहानशा जागेत कार्यक्रम करीत. त्यांना ‘अंडरग्राउंड’, म्हणजे भूमिगत कलावंत म्हणू लागले. ते पोलिसांपासून लपलेले नव्हते. ते बाजारापासून दूर राहिले होते. त्यांना पैसा कमी मिळे, पण काय बोलायचे हे ते स्वतः ठरवीत. १९९८ साली मॉस डेफ आणि तालिब क्वेली या दोघांनी ‘ब्लॅक स्टार’ हा गीतसंच एका छोट्या कंपनीकडून काढला. विचार करायला लावणाऱ्या रॅपचा तो एक उत्तम नमुना मानला जातो. मॉस डेफ यांनी पुढे यासीन बे हे नाव घेतले.

आता महाराष्ट्राकडे वळू. हातात डफ घेऊन ठेक्यावर बोलत बोलत गाणारा कलावंत आपल्याला नवा नाही. तो आपला शाहीर. ‘शाहीर’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल, कारण तो अरबी ‘शाइर’ या शब्दावरून मराठीत आला आहे. पेशवाईतील प्रसिद्ध शाहीर सगनभाऊ हे जातीने शिकलगार आणि धर्माने मुसलमान होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत गावोगाव जलसे होत. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत समतेचा विचार या जलशांनी पोचवला.

१९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ सुरू झाले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे शाहीर. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केले, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत दिवस काढले आणि तेथेच बसून कथा, कादंबऱ्या, लावण्या, पोवाडे लिहिले. अमर शेख बार्शीचे. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने सभा भारून जात. गिरणी कामगार, शेतमजूर, घर सोडून शहरात आलेला माणूस यांच्या दुःखाला या शाहिरांनी वाचा फोडली.

ब्राँक्सच्या मुलांना आपले शाहीर ठाऊक नव्हते आणि आपल्या शाहिरांच्या काळी रॅप नव्हते. तरी दोघांची गरज एकच होती. वर्तमानपत्र आपले नाही, सभागृह आपले नाही. मग आवाज तरी आपला असावा.

म्हणूनच रॅप मुंबईत आले, तेव्हा येथील गल्ल्यांनी ते चटकन आपलेसे केले. कुर्ल्याचा नावेद शेख हा तरुण ‘नेझी’ या नावाने रॅप करतो. त्याच्याजवळ ध्वनिमुद्रणाची खोली नव्हती. त्याने आयपॅडवरच गाणे मुद्रित केले आणि त्याचे चित्रणही त्यावरच केले. ‘आफत’ हे त्याचे गाणे २०१४ साली गाजले. पुढच्याच वर्षी त्याने आणि अंधेरीच्या विवियन फर्नांडिस ऊर्फ डिवाइन याने ‘मेरे गली में’ हे गाणे केले. या दोघांच्या जीवनावरून सुचलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला. याच सुमारास ‘स्वदेसी’ या गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. मुंबईतील आरेच्या जंगलाचा आणि तेथील आदिवासींचा प्रश्न त्यात आहे. आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाजही त्यात आहे. महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे ही तरुणी ‘माही जी’ या नावाने मराठीत रॅप करते आणि आदिवासींचे जीवन गाण्यातून मांडते. धारावीत तर मुलांना हिपहॉप शिकवणारी विनामूल्य शाळा आहे.

खरे बोलण्याची किंमतही कधी कधी मोजावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या राजकारणावर टीका करणारे एक मराठी रॅप गाजले. ते गाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या तरुणावर अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. ते गाणे कोणाच्या बाजूचे होते, हा येथे प्रश्न नाही. आपल्या संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला मत मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच अनुच्छेदात या स्वातंत्र्याच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. बदनामी किंवा हिंसेला चिथावणी या मर्यादेत बसत नाही. म्हणून बोलणाऱ्याने निर्भय असावे आणि जबाबदारही असावे.

रॅप लिहिणे फार अवघड नाही. गझलेतील काफिया तुम्हांला माहीत आहे. मराठीत त्यालाच यमक म्हणतात. एका ओळीत चार ठोके धरा. ओळीच्या शेवटी यमक साधा. पण त्याआधी एक काम करा. ज्याविषयी लिहायचे, त्याची खरी माहिती गोळा करा.

समजा, तुम्ही अंबरनाथच्या मोरिवलीत राहता. ही कारखान्यांची वस्ती आहे. मराठी, हिंदी, उर्दू, सिंधी अशा कितीतरी भाषा या परिसरात कानांवर पडतात. जवळून वालधुनी नदी वाहते. १०६० साली बांधलेले अंबरनाथचे शिवमंदिर याच नदीच्या काठी आहे. पुढे ती उल्हासनगरातून जाते आणि उल्हास नदीला मिळते. कारखान्यांच्या सांडपाण्याने ती काळी पडली आहे. २०१४ साली कोणीतरी तिच्यात विषारी रसायन सोडले, तेव्हा उल्हासनगरातील शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले. एवढी माहिती हाती आली, की ओळी सुचतात :

डोंगरातून निघते तेव्हा पाणी असते निर्मळ,
गावामधुनी जाता जाता कोण मिसळतो हा मळ?

टाळी वाजवून पाहा. प्रत्येक ओळीत चार ठोके येतील. या ओळींत शिवी नाही, आरडाओरड नाही. फक्त एक प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर देणे भल्याभल्यांना जड जाईल.

मुलांनो, मोठा आवाज म्हणजे मोठी गोष्ट नव्हे. सिंडीच्या घरी पैसे नव्हते, अण्णा भाऊंना शाळा मिळाली नाही, नेझीजवळ ध्वनिमुद्रणाची खोली नव्हती. पण त्यांनी हाती होते तेवढ्यातून मार्ग काढला. तुमच्याजवळ उर्दू आहे, मराठी आहे आणि डोळसपणे पाहण्यासारखी एक गल्ली आहे. तिच्याविषयी खरे लिहा. ते ऐकणारे कोणी ना कोणी नक्की भेटेल.

शब्दार्थ

तबकडी – गाण्याची रेकॉर्ड
ठेका – ताल
हेरणे – बारकाईने पाहून ओळखणे
यमक – ओळींच्या शेवटी येणारी सारखी अक्षरे, काफिया
जलसा – गाण्यातून विचार सांगणारा कार्यक्रम
निर्मळ – स्वच्छ
चिथावणी – भडकावणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिंडीने नाचगाण्याचा कार्यक्रम का ठरवला?
(आ) हिपहॉपची चार अंगे कोणती?
(इ) अमर शेख यांचे मूळ नाव काय होते?
(ई) ‘शाहीर’ हा शब्द कोणत्या शब्दावरून आला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हर्कने ढोलाचा तुकडा लांबवण्यासाठी काय केले?
(आ) भूमिगत कलावंत कोणाला म्हणतात? त्यांनी वेगळी वाट का धरली?
(इ) शाहीर आणि रॅप करणारे कलावंत यांच्यात कोणते साम्य आहे?

३. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
नाके मुरडणे, पदरमोड करणे, डोक्यावर घेणे, वाचा फोडणे

४. ‘बोलणाऱ्याने निर्भय असावे आणि जबाबदारही असावे’ या वाक्याविषयी तुमचे मत लिहा.

५. उपक्रम : तुमच्या गल्लीतील एका अडचणीची माहिती मोठ्या माणसांना विचारून गोळा करा. त्यावर चार ठोक्यांच्या चार ओळी तयार करा आणि वर्गात टाळीच्या ठेक्यावर म्हणून दाखवा.