कर्ता आणि क्रियापद यांची अनुरूपता

वाक्यातील कर्त्याच्या किंवा कर्माच्या लिंग, वचन व पुरुष यांनुसार क्रियापदाचे रूप बदलणे यास व्याकरणात अनुरूपता किंवा अन्वय असे म्हणतात. इंग्रजीत क्रियापद केवळ कर्त्याशी जुळते. मराठीत ते कर्त्याशी जुळेल, कर्माशी जुळेल किंवा कोणाशीच जुळणार नाही. या जुळणीच्या प्रकारांना मराठी व्याकरणात 'प्रयोग' ही संज्ञा आहे.

इंग्रजीतील नियम

इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असेल तरच त्याला 'एस' हा प्रत्यय लागतो: 'आय गो', 'दे गो', परंतु 'ही गोज'. 'टु बी' या क्रियापदाची 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर' ही रूपे हा जुन्या, अधिक संपन्न रूपव्यवस्थेचा अवशेष होय. 'कॅन', 'मस्ट' यांसारखी साहाय्यक क्रियापदे मुळीच बदलत नाहीत.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची येथे हटकून चूक होते. नामाला 'एस' लागला की अनेकवचन होते, हे तो आधी शिकतो. क्रियापदाला तोच 'एस' लागला की एकवचन, हे त्याला उलटे वाटते. मग 'बॉईज प्लेज' असे लिहिले जाते. दुसरी अडचण कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये येणाऱ्या शब्दांची. 'द बास्केट ऑफ मँगोज इज हेवी' येथे क्रियापद टोपलीशी जुळते, आंब्यांशी नव्हे. वस्तुतः 'आंब्यांची टोपली जड आहे' या वाक्यात मराठी मुलगा ही चूक कधीच करत नाही.

मराठीतील तीन प्रयोग

कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्यामागून जाते: 'मुलगा धावतो', 'मुलगी धावते', 'मुले धावतात'. आदरार्थी अनेकवचनही क्रियापदात उतरते. वर्गात एकच शिक्षिका आल्या, तरी 'बाई आल्या' असेच म्हणावे लागते.

सकर्मक धातूच्या भूतकाळात सहसा कर्मणी प्रयोग होतो: 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने चिंच खाल्ली', 'रामाने केळे खाल्ले'. राम तोच, क्रियापद मात्र फळाप्रमाणे बदलते. 'मी' आणि 'तू' यांना तृतीयेत 'ने' लागत नसल्यामुळे 'मी चिंच खाल्ली' हे वाक्य कर्तरी असल्याचा भास होतो. मुलगा बोलो वा मुलगी, 'खाल्ली' बदलत नाही, यावरून तो भ्रम दूर होतो. काही सकर्मक धातू मात्र भूतकाळातही कर्त्याला सोडत नाहीत: 'तो छत्री विसरला', 'ती धडा शिकली'.

भावे प्रयोगात कर्माला 'ला' प्रत्यय लागतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते: 'शिपायाने चोराला पकडले', 'शिपायांनी चोरांना पकडले'.

कर्ते अनेक व भिन्नलिंगी असता नियम सैल होतात. 'आजोबा आणि आजी आले' येथे पुल्लिंगी अनेकवचन येते, तर 'ती दोघे निघाली' येथे नपुंसकलिंगी. निर्जीव वस्तूंच्या यादीत क्रियापद बहुधा शेवटच्या नामाशी जुळते: 'पाटी, पेन्सिल व पुस्तक हरवले'.

संकर आणि कोकणातील रूपे

'तू कविता म्हटलीस' या वाक्यात 'म्हटली' हे कवितेमुळे, तर अंत्य 'स' हा 'तू'मुळे आला आहे. एकाच क्रियापदाने कर्म व कर्ता या दोघांचीही खूण बाळगल्यामुळे यास कर्तृ-कर्म संकर म्हणतात. प्रमाण मराठीत ही सोय द्वितीय पुरुषापुरती आहे. चिपळूण, रत्नागिरी या भागांतील बोलीत ती तृतीय पुरुषातही आढळते: 'त्याने आंबा खाल्लान', 'तिने कैरी खाल्लीन', 'त्याने काम केलंन'. कर्माप्रमाणे 'खाल्ला', 'खाल्ली', 'केलं' ही रूपे होतात आणि त्यांवर कर्त्याचा 'न' बसतो. अकर्मक क्रियापदाला तो लागत नाही. 'तो गेला' याचे 'गेलान' होत नाही.

शाळेत हा 'न' अशुद्ध म्हणून खोडला जातो. प्रमाण लेखनात तो बसत नाही हे खरे, पण तो निष्काळजीपणाने लागलेला नाही. कर्ता गाळून बोलताना त्याचा उपयोग दिसतो. 'पत्र पाठवलंस' म्हटले की तू, 'पत्र पाठवलंन' म्हटले की तो किंवा ती, आणि नुसते 'पत्र पाठवलं' म्हटले की बहुधा मी. हा भेद प्रमाण मराठीला 'त्याने' किंवा 'तिने' हा शब्द उच्चारूनच दाखवावा लागतो. ज्या मुलाच्या तोंडी हा 'न' आहे, त्याला क्रियापदाने कर्त्याची खूण धरणे म्हणजे काय ते घरीच ठाऊक असते. इंग्रजीतील 'ही गोज' समजावताना या 'न'चा आधार घेता येतो.

व्याकरणकारांचे विवेचन

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहिले. कवी केशवसुत यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात प्रयोगांचा विस्तृत विचार आहे. संस्कृतातील प्रयोगव्यवस्था मराठीला जशीच्या तशी लागू पडते काय, हा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला. अरविंद मंगरूळकर यांचे 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' हे पुस्तक याच वादाच्या परंपरेत येते.